खालच्या बिल्ल्याची वरची गाडी

नल्लकुंट्याचे एकनाथराव हे चिंचेची प्रत ठरवणाऱ्या सरकारी खात्यात सहायक संचालक होते. चिंच जिभेच्या टोकाला लावली की ती पहिल्या प्रतीची की तिसऱ्या, हे ते डोळे मिटून सांगत. घरासाठी छोटी गाडी कुठल्या प्रतीची घ्यावी, हे मात्र त्यांना डोळे उघडे ठेवूनही ठरवता येईना. याला कारण गाडी नव्हती, राज्य होतं.

राज्याचे दोन भाग करायचं ठरलं होतं. खात्यातल्या खुर्च्या, कपाटं, पंखे आणि माणसं यांची वाटणी चालू होती. पंख्यांची आधी उरकली, कारण पंखे हरकत घेत नाहीत. या धामधुमीत उपसंचालकाची एक जागा मोकळी होणार होती, आणि निवृत्त होण्याआधी एकदा त्या खुर्चीत बसायचं, एवढीच एकनाथरावांची आयुष्याकडून अपेक्षा उरली होती. शिफारस करणार होते संचालक वेंकटरमणय्या. आणि एकनाथरावांना पसंत पडलेली नेमकी तीच छोटी गाडी वेंकटरमणय्यांकडे होती, मधल्या श्रेणीची.

कंपनीने गाडीच्या तीन श्रेणी काढल्या होत्या. टॉप घेतली तर चालवणारा आणि शेजारचा, दोघांसमोर एअरबॅग. मधली घेतली तर फक्त चालवणाऱ्यासमोर. बेस घेतली तर दोघांसमोर परमेश्वर. अपघातात कोणी कितपत वाचायचं हे कंपनीने असं पद्धतशीर ठरवून दिल्याबद्दल एकनाथरावांना मनातून आदरच वाटला. त्यांच्या खात्याला चिंचेच्या बाबतीत इतकं स्वच्छ धोरण अजून जमलं नव्हतं.

"टॉप घ्या," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"अगं, साहेबांकडे मधली आहे."

"मग?"

"मग आपण वरची कशी घेणार? समज, उद्या चौकात साहेबांची न् आपली टक्कर झाली. साहेबांच्या मिसेस दवाखान्यात आणि तू ठणठणीत! शोभेल का ते?"

"मला शोभेल."

"मधली घ्यावी, तर साहेबांशी बरोबरी होते. बेस घ्यावी, तर ती आपल्या अधीक्षक उमाजीकडे आहे, त्याच्याशी बरोबरी होते. कंपनीने सहायक संचालकासाठी गाडीच काढलेली नाही, पद्मा!"

"हे बघा, मधल्या गाडीत तुमच्यासमोर ती हवेची पिशवी आणि माझ्यासमोर रुमाल ठेवायचा खण. इतकी वर्षं संसार केला तो त्या खणासाठी का? हौ म्हणा नाहीतर नक्को म्हणा, पण आज काय ते म्हणा."

एकनाथराव हौ म्हणाले. पण मुरलेला अधिकारी हौ म्हणतो तेव्हा त्यात नक्कोची सोय आधीच केलेली असते. शोरूममधून टॉपची गाडी निघाली ती थेट अफझलगंजच्या बाजूला, गाड्यांच्या शोभेचं सामान विकणाऱ्या एका दुकानापुढे उभी राहिली.

"पाठीवरचा हा बिल्ला काढा आणि बेसचा लावा," एकनाथराव म्हणाले.

दुकानदाराने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "साब, लोगां नीचे की गाडी लाको ऊपर का बिल्ला मांगते. उलटा मांगनेवाले आप पैले आदमी हैं. घर में सब खैरियत?"

"खैरियत आहे. चाकंसुद्धा साधी बसवा. आणि काचांवर एवढी चकाकी कशाला?"

पद्मावतीबाई पुढच्या सीटवर बसून सगळं बघत होत्या. "पिशवीला हात लावला तर बघा," एवढंच त्या बोलल्या. पिशवी राहिली. निघालेला बिल्ला दुकानदाराने गल्ल्याखाली ठेवला, आणि तो आठवडाभरात उमाजींच्या बेस गाडीच्या पाठीवर झळकला.

"काय सांगू साहेब," उमाजी आनंदाने म्हणाले, "असली माल आहे. कोणीतरी येडं सोडून गेलं म्हणे."

वेंकटरमणय्यांनी एकनाथरावांच्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि बिल्ला वाचून त्यांचा चेहरा उजळला. "सिंपुल! व्हेरी सिंपुल मॅन!" शिफारस त्यांनी त्याच दिवशी केली. मग वाटणीचा हुकूम निघाला. साहेब पलीकडच्या राज्यात गेले, त्यांच्याबरोबर त्यांचा पंखा गेला, आणि पंख्याखालच्या टेबलावर असल्यामुळे शिफारसही गेली.

नवे संचालक नरसिंगराव आले. त्यांनी खिडकीतून आवारातल्या गाड्यांची पाहणी केली आणि पहिल्याच बैठकीत जाहीर केलं, "आता आपलं स्वतःचं राज्य आहे. त्याला वरच्या दर्जाचे अधिकारी पाहिजेत. खाली ती टॉप कोणाची?"

उमाजी उभे राहिले.

"आणि बेस?"

एकनाथराव टॉपचं नाव ऐकूनच उभे राहिले होते. "सर, माझी गाडी मुळात टॉपच आहे."

"मग बिल्ला खालचा का?"

"आधीच्या साहेबांचा मान राहावा म्हणून."

"म्हणजे तुम्ही अजून त्यांच्याच राज्यात आहात."

"तसं नाही सर. आपण खाली येऊन आत बघावं, दोन्ही बाजूंना पिशव्या—"

"एकनाथराव, पोत्यावर प्रतीचा शिक्का पडला, की आपलं खातं ती चिंच पुन्हा चाखतं का?"

"नाही सर."

"का नाही?"

"शिक्क्याचा अपमान होतो," एकनाथराव म्हणाले. हा नियम त्यांनीच तरुणपणी खात्याला घालून दिला होता.

उमाजी उपसंचालक झाले. बढतीचं जेवण त्यांच्या बरकतपुऱ्याच्या घरी झालं. उमाजींच्या पत्नी भामाबाई पद्मावतीबाईंना वाढता वाढता म्हणाल्या, "आता यांनी गाडी टॉपची करून घेतली म्हटल्यावर मला कसलीच धास्ती नाही बघा. समोर पिशवी आहे ना! मी तर पट्टासुद्धा बांधत नाही."

पद्मावतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने भाताकडे बघितलं. उमाजी आता त्यांचे वरिष्ठ होते, आणि वरिष्ठांच्या गाडीत काय नाही हे त्यांच्याच पंगतीत बसून सांगणं कुठल्याच राज्याच्या सेवानियमांत बसत नव्हतं. पद्मावतीबाईंनी तोंड उघडलं तेव्हा एकनाथरावांनी त्यांच्या पानात स्वतःच्या हाताने एक लाडू वाढला.

तुम्हाला एव्हाना एकनाथरावांचा राग आला असेल. येऊ दे. भामाबाईंच्या समोरच्या खणात रुमालाशिवाय काही नाही, हे आता तुम्हालाही माहीत आहे. घर बरकतपुऱ्यात, कोणीही दाखवेल. जा आणि सांगून या. फक्त निघण्याआधी एक लक्षात असू द्या, तुमचा तो अडकलेला अर्ज सध्या उमाजींच्याच सहीला गेला आहे.

काय म्हणता, पुढच्या आठवड्यात जाल?