टीव्हीतल्या वावराचं बक्षीसपत्र

बाळापुरात दस्त लिहावा तर कचेरीसमोरच्या आमच्याच टेबलावर! हे मी म्हणत नाही, माझ्या टेबलावरची पाटी म्हणते. पाटी मीच रंगवून घेतली, ही गोष्ट वेगळी. मी लिहिलेल्या खरेदीखतात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय, हे मात्र मी छातीठोकपणे सांगतो.

तर झालं असं. माझे सासरे पंजाबराव गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आरामासाठी आमच्याकडे आले. जन्मभर वावरात राबलेला माणूस, घरात बसून चरफडू लागला. मी त्यांना टीव्हीवर खेळायचा शेतीचा गेम विकत घेऊन दिला. झालं! मामाजी सकाळी चहा घेऊन जे ट्रॅक्टरवर बसत, ते माझ्या बायकोने, नीलमने, ताट आदळेपर्यंत उतरत नसत. त्यांनी कपाशी लावली. बोंडं अशी फुटली की शेजारचे लोक बघायला येऊ लागले!

"जवाईबुवा, उमरभर असा कापूस नाही पाह्यला. यंदा वेचूनच गावाले जातो," मामाजी म्हणाले.

"वेचायचा काय, अख्खं वावर घेऊन जा!" मी म्हणालो.

मोझरीहून त्यांना न्यायला आलेला माझा मेहुणा अश्विन म्हणाला, "भाऊजी, तुमचा पासवर्ड सांगा फक्त. घरच्या टीव्हीवर चालू करून देतो."

"पासवर्डवर कुठे मालकी चालते? उद्या माझ्या वारसांनी दावा लावला तर? रीतसर बक्षीसपत्र करू!"

"काहून उगाच झंझट करून राहिले?" नीलम म्हणाली. पण मी पेन उघडलं होतं.

स्टँपपेपरवर मजकूर उतरवला. चतुःसीमा लिहिल्या: पूर्वेस भिंत, पश्चिमेस सोफा, उत्तरेस फ्रिज, दक्षिणेस येण्याजाण्याचा रस्ता. उभ्या पिकासह, कायमचं, कधीही रद्द न होणारं बक्षीस! दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पेढे वाटले. मामाजींचे डोळे भरून आले. आणि काम अर्धवट सोडायची मला सवय नाही, म्हणून बक्षीसपत्राची प्रत कंपनीला पाठवली. सोबत नम्र विनंती: फेरफार नोंदवून पंजाबरावांचं नाव लावावं.

कंपनीने तत्परतेने नोंद घेतली. गेम दुसऱ्याला दिला म्हणून खातंच बंद केलं!

टीव्ही काळा. मामाजींचा चेहरा त्याहून काळा. "माहा कापूस?"

"काळजी करू नका, मामाजी. कंपनीची गाठ माझ्याशी आहे!" मी कंपनीला फोन लावला.

"सर, तुम्ही गेम विकत घेतलेला नाही. वापरायची परवानगी घेतली आहे," पलीकडून एक गोड मुलगी म्हणाली.

"बटणावर 'खरेदी करा' असं लिहिलं होतं!"

"हो सर."

"मग?"

"सर, ते बटण आहे. अटी त्याच्या खाली आहेत. तुम्ही 'वाचलं, मान्य आहे' असं दाबलंय."

रोज शंभर गिऱ्हाइकांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं बजावणारा मी! पण हार मानली नाही. "ठीक आहे. मग मामाजी कूळ! कसेल त्याचं वावर!"

"कूळ म्हणजे काय, सर?"

मी कूळकायदा सांगायला घेतला. शेवटी तीच म्हणाली, "सर, भेट रद्द केल्याचं लेखी द्या, खातं सुरू करू."

आता आली पंचाईत. बक्षीसपत्र कधीही रद्द होणार नाही, असं त्यात मीच ठासून लिहिलं होतं. कुठे फट ठेवली असती तर शपथ! एकच वाट उरली. मामाजींनी स्वखुशीने हक्क सोडायचा. मी लगेच हक्कसोडपत्र लिहिलं आणि पेन पुढे केलं.

मामाजींनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "तुमीच लिवलं?"

"मीच!"

"मंग थांबा जरा."

काठी टेकत, बगलेत पिशवी धरून ते निघाले. मला वाटलं, चष्मा आणायला निघाले असतील. ते गेले थेट कचेरीसमोर, माझ्या शेजारी दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलावर! नागसेनकडे! पाच वर्षांत ज्याच्याशी मी चहासुद्धा प्यायलो नाही, त्या नागसेनकडे! मी धावत जाऊन माझ्या खुर्चीत बसलो आणि काहीच न दिसल्यासारखं तोंड केलं. माझ्यासमोर चार गिऱ्हाइकं थांबली होती.

नागसेनने कागद शांतपणे वाचला. "बरोबर हाय, बाबाजी. करा सही."

मामाजींनी सही केली. माझा जीव भांड्यात पडला. कापूस वाचला! आता खातं उघडेल, वेचणी होईल, आणि झालं गेलं लोक विसरतील.

पण मामाजी उठले नाहीत. पिशवीतून त्यांनी फडक्यात बांधलेला जुना दस्त काढला. त्यांच्या खऱ्या वावराचा. मोझरीचा.

"आता आलोच हाय तं हे बी वाचून द्या, बाप्पा," ते म्हणाले. ऑपरेशन गुडघ्याचं झालं होतं, आवाज ठणठणीत होता. "हे बी आमच्या जवाईबुवायनंच लिवलं हाय!"

नागसेनने मान डोलावली आणि चष्मा पुसायला घेतला.

माझ्यासमोरची चारही गिऱ्हाइकं उठली आणि आपापल्या पिशव्या घेऊन मामाजींच्या मागे रांगेत उभी राहिली.