भुकटीचा खाडा

गुरुदत्त सबनीस कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीवर कस्टममध्ये होते. दंड भरावेत म्हणून तीन महिने ते प्रोटीनची विलायती भुकटी दुधातून घेत होते. दंड काही भरले नाहीत. पोट मात्र बोटीच्या भोंग्यासारखं वाजू लागलं.

"महिनाभर खाडा करा," डॉक्टर घोषाल म्हणाले. "पोटालाही रजा लागते, मोशाय."

"पण मध्येच सोडलं तर कमावलेलं जाईल ना?"

डॉक्टरांनी त्यांचा दंड चिमटीत धरून पाहिला. "काय जाईल?"

खाडा सुरू झाला. पण कलकत्त्याच्या दमट हवेत भुकटीचा उघडलेला डबा टिकेना. तेवढ्यात कराडहून सासरे, श्यामसुंदरराव, लेकीची शेवटची भेट घ्यायला आले. श्यामलेच्या खांद्यावर भार टाकत जिना चढले आणि म्हणाले, "मी काही आता फार दिवसांचा सोबती नाही."

"अहो, भुकटी बाबांनाच देऊ या," श्यामला नवऱ्याला म्हणाली. "वाया जाण्यापेक्षा बरं."

आठवड्यात बाबांनी काठी टाकली. पुढच्या आठवड्यात पहाटे बैठका सुरू झाल्या आणि खालच्या मजल्यावर घरमालकांच्या माशाच्या रश्श्यात छताचा गिलावा पडला. ते तणतणत वर आले. बाबांनी त्यांना पंजा लढवायला बसवलं. तासाभरानं मनगट चोळत, "काल आबार आशबो," म्हणजे उद्या पुन्हा येतो, असं बजावून ते गेले. मग रोजच आखाडा भरू लागला.

"जावईबापू, उठा! अंथरुणात माणूस गंजतो," म्हणत बाबा अंधारातच गुरुदत्तांचं पांघरूण ओढत. बैठका घालून गुरुदत्त कचेरीत टेबलावर घोरू लागले. साहेबांनी दोनदा जागं केलं, तिसऱ्यांदा तंबी दिली.

ते डॉक्टरांकडे धावले. "बाबांना खाडा करायला सांगा हो!"

"त्यांना का? त्यांचं पोट उत्तम आहे." डॉक्टरांनी गुरुदत्तांची पापणी वर करून पाहिली. "थकलायत तुम्ही. हवापालट करा. कुठे शांत, रिकामं घर आहे का?"

"कराडला आहे की!" जावयाच्या मागोमाग आलेले बाबा दारातून गरजले. कुलपाची किल्ली त्यांनी तिथल्या तिथे जानव्यातून सोडली.

हावड्याला श्यामसुंदररावांनी एका हातानं जावयाची ट्रंक फळीवर चढवली आणि दुसऱ्या हातानं जावयाला गाडीत.

"परतायची घाई करू नका," ते खिडकीतून म्हणाले. "कालच नवे दोन डबे आणलेत. ते संपेपर्यंत मी इथंच आहे."