पांढऱ्या चादरीखालचं विलीनीकरण

"नजर घारीची, मेंदू पोलादी आणि नम्रता इतकी, की या दोन्हींबद्दल मी फारसं बोलत नाही," असं स्टोअरकीपर दिवसातून चारदा सांगत असे. खासगी विमानं भाड्यानं देणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्याला ‘दुर्बीण’ म्हणत. त्याच्या प्रत्येक तपासात फरफटत जाणारा मेकॅनिक म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांच्या हँगरमध्ये चक्क प्रतिस्पर्धी कंपनीचं नवंकोरं जेट उभं! शेपटीवर पांढरी चादर. आणि दोन्ही कंपन्यांचे मालक टेप धरून हँगरचं दार मोजतायत.

"विलीनीकरण!" दुर्बीण कुजबुजला. "चादरीखाली नव्या कंपनीचं नाव आहे."

"मग दार कशाला मोजतायत?"

"वाटणी, भावोजी! अर्धं दार त्यांचं."

दुपारी त्याचा तर्क उलटला: आपणच त्यांना विकत घेतोय. चहापर्यंत तिसऱ्याच एका कंपनीनं दोघांनाही गिळलं होतं.

"पण माझं काय होणार?" मेकॅनिकनं विचारलं.

"मेकॅनिक दोन, जागा एक. काढायच्या आत आपणच राजीनामा द्यावा. रुबाब राहतो."

अठरा वर्षं मेकॅनिक या विमानांची नुसती घरघर ऐकून दुखणं ओळखत आला होता. तरी दुसऱ्या दिवशी राजीनाम्याचा कागद घेऊन तो साहेबांच्या दाराशी उभा राहिला. मागे दुर्बीण, धीर द्यायला.

"तोंड पाडून कुठं निघालात?" फरशी पुसणाऱ्या मावशींनी विचारलं.

मेकॅनिकनं सगळं सांगितलं. मावशी पोट धरून हसल्या.

"अहो, त्या दुसऱ्या कंपनीनं नवं हँगर बांधलं, पण दार वीतभर बुटकं झालं! विमान आत घेताना शेपूट घासलं. चेष्टा नको म्हणून वर चादर. दार वाढवेपर्यंत विमान इथं राहणार. आपलं दार मोजलं ते त्यांचं तेवढंच उंच करायला."

"तुम्हाला कसं कळलं?" दुर्बिणीनं विचारलं.

"त्यांच्या ड्रायव्हरला विचारलं."

मेकॅनिकनं राजीनाम्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि मेव्हण्याच्या खिशात कोंबले.

दुर्बिणीनं घसा खाकरला. "म्हणजे माझा तर्क बरोबरच होता. फक्त शेपूट अडकलं."

"अडकू दे," मावशी म्हणाल्या, "पाय उचला. पुसायचंय."