पंचवीसवरचा सुळका

सकाळी सव्वासात वाजता सासूबाईंच्या आलेखावर एक सुळका उगवला. साडेसातला ती बातमी खाली दवाखान्यात पोचली. दातांचे डॉक्टर तेव्हा एका बाईंच्या दाढेत डोकावत होते.

"जावईबापू, जरा वर येता का?"

डॉक्टरांच्या हातातला आरसा जागच्या जागी थांबला. सासूबाई त्यांना एरवी नुसतं 'डॉक्टर' म्हणत. 'जावईबापू' ही हाक राखीव होती. मागच्या खेपेला ती ऐकू आली, तेव्हा डॉक्टरांनी बूट घालून जिना धावत चढण्याचा गुन्हा केला होता.

"जाऊन या," तोंडात कापसाचे बोळे असलेल्या बाई म्हणाल्या. निदान डॉक्टरांनी तसा अर्थ लावला.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून इंजिनीयर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर कुणी बाग करतं, कुणी नातवंडांना शिस्त लावतं. सासूबाईंना नातवंडं नव्हती आणि बागेत कुठलीच गोष्ट वेळेवर होत नाही, म्हणून त्यांनी वेळच मोजायला घेतली. घड्याळ दिवसाला किती पुढे किंवा मागे जातं, हा प्रश्न त्यांच्या लेखी बालवाडीतला. घड्याळाच्या पोटातला स्फटिक सेकंदाला लाखो ठोके देतो. ते देताना त्याचा हात किती थरथरतो, हा खरा प्रश्न. या थरथरीला फेज नॉइज म्हणतात. "दोन दारुडे एकाच वेळी घरी पोचले, म्हणून दोघं सरळ चालत आले असं होत नाही," असं त्या पाहुण्यांना समजावून सांगत. पाहुणे मान डोलावत आणि निघायची वेळ झाली का ते बघत.

त्यांचे दोन ऑसिलेटर जिन्याखालच्या कोठडीत होते. ऑसिलेटर म्हणजे धातूचा एक डबा. आत स्फटिक आणि त्याला सदैव एकाच तापमानावर ठेवणारी इवलीशी भट्टी. तिथून तारा वरच्या खोलीत गेल्या होत्या, आणि तिथे पडद्यावर दोघांची थरथर आलेख होऊन उमटत असे. कोठडीचं दार महिनाभरासाठी चिकटपट्टीने बंद केलेलं होतं. दार उघडलं की हवा बदलते, हवा बदलली की मोजमाप मातीत जातं. म्हणून दार कुणीही उघडायचं नव्हतं, खुद्द सासूबाईंनीही नाही. महिनाअखेरीला हा आलेख हौशी मंडळींच्या एका गटात जायचा होता. त्या गटात एक्स्चेंजमधले त्यांचे जुने साहेबही होते. बक्षीस काहीच नव्हतं, त्यामुळे चुरस जीवघेणी होती.

"हे काय आहे?" सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. एक रेघ डावीकडून उजवीकडे छान उतरत गेली होती आणि उताराच्या मधोमध सुळका उभा होता.

"सुळका आहे," डॉक्टर म्हणाले.

"सेकंदाला पंचवीस वेळा काहीतरी थरथरतंय. तुमच्या नव्या कंप्रेसरची मोटर किती फिरते?"

"ते बघावं लागेल."

"मी बघून आले. सेकंदाला चोवीस फेरे. मागे पट्टीवर छापलंय."

"आई, चोवीस आणि पंचवीस यांत थोडा फरक—"

"जावईबापू, फरक कशाला म्हणतात ते मला सांगू नका." सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "एक मात्र आहे. मोटरीचा सुळका सुईसारखा असतो. हा अंगाने भरलेला आहे. आणि श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होतोय. तुमची मोटर दमते का?"

"नवी आहे हो."

"दुपारी जेवायला जाताना ती बंद कराल. तेव्हा बघते."

दुपारी कंप्रेसर बंद झाला आणि सुळका मावळला. चार वाजता कंप्रेसर सुरू झाला, थोड्याच वेळात सुळका हजर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सासूबाईंनी निकाल दिला: रविवारपर्यंत सुळका गेला नाही, तर कंप्रेसर जाईल.

डॉक्टर हादरले. भाड्याची जागा सोडून त्यांनी दवाखाना नुकताच सासूबाईंच्या घरात आणला होता. नवी खुर्ची, तिच्या नळ्या, दात कोरायचं यंत्र, सगळं कंप्रेसरच्या हवेवर चालणारं. कंप्रेसर गेला तर ते नुसते लोकांच्या तोंडात बघणारे गृहस्थ उरले असते.

बायको कामगार न्यायालयात वकील होती. रात्री त्यांनी तिच्याकडे दाद मागितली.

"मी घरातली प्रकरणं घेत नाही," ती म्हणाली.

"अगं, तुझी आई आहे ती."

"म्हणूनच. आजवर तिच्याविरुद्ध कुणी जिंकलेलं नाही. बाबांना विचार."

सासरे कस्टममधून निवृत्त झालेले. लोकांच्या पेट्यांतून लपवलेला माल शोधून काढण्यात त्यांची हयात गेली होती. हल्ली दवाखाना सुरू झाला की ते वर्तमानपत्र घेऊन मागच्या अंगणात जात आणि बंद झाला की परत येत. डॉक्टरांना वाटे, बिचाऱ्यांना आवाज सोसत नाही.

डॉक्टरांनी कंप्रेसरखाली रबराच्या चकत्या घातल्या. सुळका राहिला. मग स्कूटरची जुनी ट्यूब फुगवून तिच्यावर कंप्रेसर बसवला. तो ट्यूबवर इतका डुलायला लागला, की दाढ भरून घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी आधी कंप्रेसर शांत करा, मग माझ्याकडे वळा, असं बजावलं. सुळका होता तिथेच होता. शेवटी शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी ठरवलं, की ही ब्याद घराबाहेरच काढायची. लांब नळी जोडली आणि चालू कंप्रेसर चाकांच्या फळीवर ठेवून, ढकलत मागच्या अंगणात नेला.

अंगणात सासरे भिंतीला कान लावून बसले होते. वर्तमानपत्र जमिनीवर होतं, आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत भिंतीत गेला होता. जिन्याखालच्या नळांपर्यंत प्लंबरला पोचता यावं म्हणून तिथे एक छोटी झडप होती.

डॉक्टरांनी कंप्रेसर बंद केला. अंगण शांत झालं. पूर्ण शांत मात्र झालं नाही.

"मी पाण्याचा मीटर बघतोय," सासरे म्हणाले.

"बाबा, मीटर गुरगुरतोय."

सासऱ्यांनी हात बाहेर काढला. बाहीवर करडे केस होते. डॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी झडपेतून आत बघितलं. डाव्या ऑसिलेटरच्या डब्यावर एक करडं मांजर पोट पसरून झोपलं होतं. ते डोळे मिटून घुरघुरत होतं, आणि डबा त्याच्याखाली बारीक थरथरत होता.

"बाबा, सेकंदाला पंचवीस."

"काय पंचवीस?"

"हे. हे जे ते करतंय ते."

"असेल. मी कधी मोजलं नाही," सासरे म्हणाले. "थंडीत कुडकुडत दारात आलं होतं हो. हिला विचारलं, ठेवू का? म्हणाली, केसाळ काही घरात नको, यंत्रांच्या पंख्यांत केस जातात. मग म्हटलं, ठेवायचं तर अशा जागी, की जिथे कुणी बघणारच नाही."

"म्हणून त्यांच्याच कोठडीत?"

"हिने स्वतःला सुद्धा बंदी केलीय तिथे. अशी जागा मला उभ्या नोकरीत मिळाली नाही."

"आणि तुम्ही इथे येता ते कंप्रेसर चालू असतानाच?"

"तर काय. त्या आवाजात घुरघुर ऐकू जात नाही. तुमचे फार उपकार आहेत, डॉक्टर."

डॉक्टरांनी बंद कंप्रेसरवर हात टेकला. त्यांच्या कंप्रेसरवरचा सगळा पुरावा या एका वाक्यात आला होता.

"याला बाहेर काढा."

"जरा ऊन खा म्हणून चार दिवस तेच करतोय. निघत नाही. ऊब सोडवत नाही त्याला."

ते खरं होतं. सासूबाईंनी त्या डब्याचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर ठेवलं होतं. इतकं अचूक अंथरूण त्या गल्लीत दुसऱ्या कुणालाही मिळालेलं नव्हतं. दोघांनी गरम पाण्याची पिशवी दाखवून बघितली, दूध दाखवून बघितलं. मांजर दूध प्यायलं आणि परत डब्यावर जाऊन बसलं.

"अंग धरलंय चांगलं," सासरे कौतुकाने म्हणाले. "माझ्या हातचं मानवलं."

"आपण आईंना सांगून टाकू."

"सांगा. मग ही दार उघडेल, महिन्याचं मोजमाप फुकट जाईल, साहेबांचा आलेख पहिला येईल, आणि आपण तिघं रस्त्यावर. तुम्ही, मी आणि हे. तुमची खुर्ची तरी आहे बसायला."

डॉक्टरांनी विचार केला. कंप्रेसर चालू असताना सुळका दिसतो, एवढाच काय तो आरोप. तो बंद असताना दिसला, तर कंप्रेसर सुटला. "बाबा, असं करा. रविवारी आई परीक्षा घेतील. कंप्रेसर बंद झाला की याची मान खाजवा. चालू झाला की हात बाहेर."

"हात काढला तरी ते लगेच थांबत नाही."

"थांबेल. कंप्रेसर इथेच झडपेशी ठेवतो. एवढा धडधडाट कानाशी झाल्यावर कोण घुरघुरतंय?"

रविवारी सासूबाई वर पडद्यासमोर बसल्या. डॉक्टर दवाखान्यात, बटणापाशी उभे राहिले. सासरे मीटर बघायला गेले. बायको खटला पाहायला आल्यासारखी जिन्याच्या कठड्याला टेकली.

"बंद," वरून हुकूम आला. डॉक्टरांनी बटण दाबलं.

नवी रेघ उमटायला वेळ लागला. मग सासूबाई म्हणाल्या, "सुळका आहे."

"कंप्रेसर बंद आहे, आई," डॉक्टर नम्रपणे म्हणाले.

"कळतंय मला. चालू करा." डॉक्टरांनी चालू केला. "सुळका गेला."

हे पाच-सहा वेळा झालं. दर वेळी बंद असताना सुळका, चालू असताना सपाट. सासूबाई खाली आल्या. त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला.

"मी चुकले, डॉक्टर," त्या म्हणाल्या. 'डॉक्टर' ऐकून जावयाला भरून आलं. "तुमचा कंप्रेसर सुळका आणत नाही."

"मी तेच म्हणत होतो."

"तो सुळका घालवतो. कसा, ते मला कळत नाही. पण आकडे आहेत ते आहेत. तेव्हा महिनाअखेरीपर्यंत तो बंद करायचा नाही."

"म्हणजे दवाखाना चालू असेपर्यंत?"

"म्हणजे अजिबात नाही. रात्रीसुद्धा."

बायकोने तोंडावर रुमाल धरला. "अपील नाही," ती हळूच म्हणाली.

टाकी भरली की कंप्रेसर आपोआप थांबतो. तो थांबू नये म्हणून एक नळी कायम उघडी ठेवावी लागली, आणि ती अखंड फुसफुसत राहिली. पेशंट दबकत आत येऊ लागले. शेजारचे निरोप पाठवू लागले. डॉक्टर कानात कापसाचे बोळे घालून झोपू लागले आणि सकाळी ते काढायला विसरू लागले. एका पेशंटची भलतीच दाढ कोरता कोरता राहिली. आलेख मात्र आरशासारखा झाला. सासूबाईंनी तो साहेबांना आगाऊ दाखवला. साहेबांनी 'बरा आहे' एवढंच कळवलं, त्यावरून ते किती जळले ते घरात सगळ्यांना समजलं.

पण मांजर आवाजाला सरावलं. आठवड्याभराने पंचवीसवर पुन्हा सुळका आला. सासऱ्यांनी डोळ्यांनी विचारलं, डॉक्टरांनी डोळ्यांनीच हात वर केले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आणखी काही दिवस गेले, आणि एका दुपारी वरून हाक आली.

"डॉक्टर, जरा या. तुम्हीही या हो, कस्टमवाले."

दोघं एकामागे एक जिना चढले, अनवाणी. पडद्यावर मोठा सुळका होता. त्याच्या शेजारी, त्याला बिलगून, चार बारीक सुळके उभे होते. ते अधूनमधून लुकलुकत आणि पुन्हा वर येत.

"डॉक्टर," सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "तुमच्या कंप्रेसरला पिल्लं झालेली दिसतात."

डॉक्टरांनी सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी आपल्या बाहीकडे बघितलं.

"यावर कुणाला काही सांगायचंय?" सासूबाईंनी विचारलं.

"मी मीटर बघून येतो," सासरे म्हणाले.

"या बघून. सावकाश या."

महिनाअखेरीला आलेख गटात गेला. सासूबाईंना ते सुळके पुसून पाठवता आले असते, पण त्यांनी एकही पुसला नाही. साहेबांनी लगेच विचारणा केली, की पंचवीसच्या आसपास हे काय आहे. त्यांना अजून उत्तर गेलेलं नाही. कोठडीच्या दारावरची चिकटपट्टी तशीच आहे. दुधाची एक पिशवी रोज जास्त येऊ लागली आहे. ती कुणी सांगितली, हे घरात कुणी विचारलेलं नाही. डॉक्टरांनी काल जेवताना विषय काढला, की महिना तर संपला, आता रात्रीपुरता तरी कंप्रेसर बंद करावा का.

"करा की," सासूबाई म्हणाल्या. "फक्त सुळके कसले आहेत, ते आधी कुणीतरी मला सांगा."

डॉक्टरांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे दूध संपलं का ते बघायला उठले.

कंप्रेसर चालू आहे.