दौलतभाऊंच्या दोन जोड्या

दौलतभाऊंच्या घरी चहा प्यायचा असेल, तर आधी डोळ्यांवर दुपट्टा बांधून घ्यावा लागतो. मग तुम्ही गल्लीतले असा, सिलिंडर आणणारे असा, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेले असा. भाऊ तुम्हाला खडूने खूण केलेल्या खुर्चीवर बसवतात, मागून गाठ आवळतात आणि म्हणतात, "दाबून नोका ऐकू. सोडून ऐका." याचा नेमका अर्थ काय, हे भद्रावतीत अजून कोणालाही कळलेलं नाही. मान मात्र सगळेच डोलावतात.

मग समोरून बासरी वाजू लागते. थोड्या वेळाने मागे 'खट्' असा आवाज होतो आणि तीच बासरी पुन्हा सुरुवातीपासून वाजते. ती संपली की प्रश्न येतो, "पहिली का दुसरी?" उत्तर दिलं की दुपट्टा सुटतो आणि चहा येतो. दोन्ही सारख्याच वाटल्या असं कोणी म्हणालं, तर त्याला बिनसाखरेचा चहा मिळतो. ज्याला आवाजातला फरक कळत नाही त्याला साखरेतला काय कळणार, असा भाऊंचा हिशेब.

प्रकार असा आहे. भाऊंकडे स्पीकरच्या दोन जोड्या आहेत. एक थोरली. ती शिसवी रंगाची, गुडघ्याएवढी उंच. नोकरीतल्या पहिल्या दसऱ्याच्या बोनसातून नागपूरहून आणलेली. येताना रेल्वेत एक डबा भाऊंच्या मांडीवर होता आणि दुसरा वहिनींच्या. दुसरी जोडी धाकटी, काळी, सडपातळ, मुलाने पुण्याहून पाठवलेली. यातली सरस कोणती, याचा निकाल भाऊंना लावायचा आहे, आणि तो एकट्याने नाही, पंचांच्या साक्षीने.

मी या पंचांतला पहिला. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे विशेषणांची मला टंचाई नाही. "दुसऱ्या जोडीत बासरी ओठांवरून उतरून अंगणात येते," असं मी एकदा म्हणालो होतो, तेव्हा भाऊंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि मला दुसरा कप दिला. तेव्हापासून माझा कान तयारीचा आहे अशी गल्लीत वदंता आहे. ती पसरवण्यात माझाही थोडा हात आहे.

दुसरे पंच रामटेके कंपाउंडर. ते नाडी बघितल्यासारखे मनगट धरून ऐकतात आणि "पहिल्या जोडीत तबला ओला वाटते" असलं काहीतरी बोलतात. तिसऱ्या शेजारच्या पंचफुलाबाई. त्यांची कसोटी स्वयंपाकघरातली. एक जोडी म्हणजे फोडणी दिलेलं वरण आणि दुसरी म्हणजे बिनफोडणीचं. कुठल्या जोडीला फोडणी आहे ते दर रविवारी बदलतं, पण बाईंच्या आवाजातला ठामपणा बदलत नाही.

नियम कडक आहेत. तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून यायचा, कारण चघळताना जबड्याचा आवाज कानात जातो. पायांतल्या चपला बाहेर. पंखा बंद. आणि कूलरही बंद. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, भर दुपारी, कूलर बंद करून माणसाला डोळे बांधून बसवणं याला दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात छळ म्हणतात. आमच्याकडे त्याला दौलतभाऊंचा रविवार म्हणतात. घामाने दुपट्टा भिजून डोळ्यांत मीठ उतरतं आणि मागून भाऊ विचारतात, "बासरीचा श्वास ऐकू आला का जी?" मला माझाच शेवटचा श्वास ऐकू येत असतो.

मध्येच उघड्या खाणीतली दुपारची सुरुंगाची वेळ होते. खिडकीची तावदानं थरथरतात, देव्हाऱ्यातली घंटी आपोआप वाजते. भाऊ हात वर करून परीक्षा थांबवतात आणि तो हादरा विरेपर्यंत डोळे मिटून उभे राहतात. मग समाधानाने म्हणतात, "याले म्हणते बास."

आवाजाचं हे वेड नोकरीतून आलं. भाऊ माजरीकडच्या भूमिगत खाणीत सरदार, म्हणजे पाळीचे मुकादम, होते. पाळी सुरू व्हायच्या आधी सरदाराने पुढे जायचं, हातातल्या काठीने डोक्यावरचं छत ठोकायचं आणि कान द्यायचा. टणक आवाज आला तर माणसं आत. पोकळ आला तर सगळे मागे, मग वरून कोणी कितीही ओरडो. तीस वर्षं भाऊंनी छत ठोकलं आणि त्यांच्या पाळीतला एकही माणूस कोसळलेल्या छताखाली सापडला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. मला वहिनींनी सांगितलं होतं.

भाऊ निवृत्त झाले, पण काठी झाली नाही. ते बाजारात टरबूज ठोकतात, बँकेत काउंटर ठोकतात, लग्नात मांडवाचे खांब ठोकतात. नव्याने बांधलेल्या सभागृहाच्या उद्घाटनाला त्यांनी भाषण चालू असताना भिंत ठोकली आणि पाहुण्यांकडे बघत "पोकळ" म्हणाले. ते भिंतीबद्दल होतं, हे आयोजकांना पटवता पटवता माझी दमछाक झाली.

कळस झाला तो वाघाच्या वेळी. कॉलनीमागच्या झुडपात वाघ दिसला म्हणून एक जीप भोंगा लावून फिरत होती. घराबाहेर पडू नका, लेकरं आत घ्या, असं सांगत होती. सगळी गल्ली दारं लावून बसली आणि दौलतभाऊ काठी घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, म्हातारा वाघावर चालून जातो की काय. ते गेले जीपकडे. ड्रायव्हरला म्हणाले, "तुया भोंग्याचा मधला आवाज फाटून राह्यला बाप्पा. वाघालेही नाई समजत तू काय म्हणून राह्यला तं." ड्रायव्हरने त्यांना जीपमध्ये घालून घरी आणून सोडलं.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. मुलगा प्रफुल पुण्यात नोकरीला आहे, चांगला मुलगा आहे. दर आठवड्याला फोन करतो. "बाबा, एकटे राहू नका, इकडे या," म्हणतो. त्याच्या फ्लॅटमध्ये बाबांसाठी एक खोली आहे, पण ती बेताची. त्यात स्पीकरची एकच जोडी मावेल. तुम्हाला आवडेल ती आणा, दुसरी कोणाला देऊन टाका, असं तो म्हणाला. भाऊंनी कबूल केलं, फक्त एक अट घातली. निकाल लागल्याशिवाय निघायचं नाही.

निकाल काही लागेना. पहिली म्हणजे कुठली जोडी होती हे भाऊ मागाहून सांगत आणि वहीत मत मांडत, पण दर महिन्याच्या शेवटी बेरीज बरोबरीत यायची. मी थोरलीच्या बाजूने बोलावं, तर रामटेके धाकटीच्या बाजूने उभे. एकदा या वादात आम्ही दोघं पंधरा दिवस एकमेकांशी बोललो नाही आणि मी सर्दीचं औषध दुसऱ्या दवाखान्यातून आणलं. शेवटी दिवाळीनंतर प्रफुल स्वतः गाडी घेऊन आला. म्हणाला, या रविवारी शेवटची परीक्षा. तिघांची मतं घेऊ, ज्या जोडीला जास्त ती गाडीत टाकू, आणि सोमवारी बाबा माझ्यासोबत पुण्याला.

त्या रविवारी भाऊंचा गुडघा सुजला होता, म्हणून खुर्च्या लावायला मी तासभर आधी गेलो. प्रफुल गाडीत हवा भरायला गेला होता. थोरलीपासून खुर्च्यांच्या मागे आलेली वायर पायात येत होती, ती सरकवायला मी खाली वाकलो आणि मला जोड्या बदलायला भाऊंनी बनवलेला खटक्याचा डबा मागून दिसला. आजवर त्याला भाऊंशिवाय कोणी हात लावला नव्हता. खटका इकडे केला तरी वायर थोरलीला जात होती आणि तिकडे केला तरी थोरलीलाच. धाकटीच्या वायरी तोडलेल्या होत्या. त्यांची टोकं चिकटपट्टीने नीट गुंडाळून ठेवली होती आणि चिकटपट्टीवर बोटभर धूळ होती.

मी तसाच वाकलेला राहिलो. एकाच जोडीला मी रविवारमागून रविवार आधी गोड आणि मग आंबट म्हणत आलो होतो. जी बासरी एका जोडीत ओठांवरून अंगणात उतरत होती, तीच दुसऱ्या जोडीत माझ्या मते माजघरातच अडत होती. जोडी एकच होती. मला भाऊंचा इतका राग आला की काठी हिसकावून त्यांचंच डोकं ठोकून पाहावं असं वाटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

भाऊ खुर्चीत पाय लांब करून बसले होते. त्यांनी नजर चुकवली नाही. "मागच्या पावसाळ्याच्या आंदीपासून. लाईटीची लाईन वाढली, धाकटीचे दोन्ही डबे एकाच झटक्यात जळले."

"मग दुरुस्त का नाही केले?"

"केले असते तं फरक कळला असता मास्तर. फरक कळला असता तं निकाल लागला असता."

मी हातातली वायर सोडली. भाऊ पुढे बोलले, नेहमीपेक्षा हळू. "तुमची वहिनी गेली, चार दिवसांनं पाहुणेही गेले. तवा मी या खोलीत काठी ठोकली. सवयीनंच. पोकळ वाजली. तीस वर्षं हेच घर होतं, तसं कधी वाजलं नोतं. खाणीत पोकळ वाजलं का माणसं बाहेर काढा लागते. इथी उलटं हाये. माणसं आत आणा लागते."

"आणि आम्ही जे ऐकत होतो ते?"

"तुमी ऐका ना बासरी. मी मागं उभा राहून खोली ऐकतो. पंखा बंद, कूलर बंद, तुमी तिघंजण गपचूप बसले, का खोली भरीव वाजते. पुण्याले त्या खोलीत मी अन् एक जोडी. दिवसभर पोरगा अन् सून हापिसात. तिथी कोणाले बसवू?"

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी उगाच खुर्च्या पुन्हा सरळ करू लागलो. घामाने भिजत बसलेले ते सगळे रविवार मला आठवले आणि त्यातला एकही मला वाया गेल्यासारखा वाटला नाही.

प्रफुल आला. पाठोपाठ रामटेके आले, पंचफुलाबाई आल्या. दुपट्टे बांधले गेले. प्रफुल कानाला फोन लावून दारात उभा राहिला. बासरी वाजली, खट् झालं, पुन्हा बासरी वाजली. पंचफुलाबाईंनी पहिलीला फोडणी असल्याचं सांगितलं. रामटेक्यांनी मनगट सोडलं आणि दुसरीत तबला कोरडा ठणठणीत वाजतो असा निर्वाळा दिला. त्या तबकडीत तबला नव्हताच, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"काका, एक एक मत झालं," प्रफुल म्हणाला. "आता तुमच्यावर आहे."

मी दुपट्टा सोडला. भाऊ माझ्याकडे बघत नव्हते. खटक्यावर हात ठेवून जमिनीकडे बघत उभे होते, दुखरा पाय उचलून. मी कुठलंही नाव घेतलं असतं तर ते मुकाट्याने गाडीत बसले असते, एवढा तो माणूस दिल्या शब्दाला जागणारा आहे. माझ्याजवळ नेहमीप्रमाणे चार विशेषणं तयार होती. ती गिळायला मला फार जड गेलं.

"मला फरक कळला नाही," मी म्हणालो.

पंचफुलाबाईंनी दुपट्टा वर सरकवला. मग म्हणाल्या, "मंग इतके दिवस काय ऐकून राह्यले होते मास्तर?" रामटेक्यांच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांच्या अबोल्याचं सगळं व्याज वसूल झाल्याचं दिसलं. सोमवारपर्यंत ही बातमी दवाखान्यातून शाळेत पोचणार, आणि पोरं मागच्या बाकावरून मला 'बहिरा मास्तर' म्हणणार, हे मला तिथेच दिसलं. तसंच झालं.

प्रफुल माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने वडिलांकडे बघितलं. "म्हणजे बरोबरीच," तो म्हणाला. "ठीक आहे बाबा. मग मीच येत जाईन अधूनमधून, ऐकायला."

भाऊंनी वही उघडली, पण त्यात काही लिहिलं नाही. वही तशीच मिटून त्यांनी बासरी पुन्हा सुरुवातीपासून लावली. "बसा," एवढंच म्हणाले. प्रफुलने फोन खिशात टाकला आणि तो माझ्या शेजारी खाली जमिनीवर बसला. त्या दिवशी भाऊंनी मध्ये एकदाही खटका दाबला नाही. आम्ही सगळ्यांनी ती बासरी डोळे उघडे ठेवून शेवटपर्यंत ऐकली, आणि ती संपल्यावरही बराच वेळ कोणी उठलं नाही.