केदारींच्या स्वयंपाकघरातला कारखाना

मळवलीच्या हौशीराम केदारींची आयुष्याकडे एकच मागणी उरली होती. सकाळी आपल्या घरात बसून एक कप फक्कड एस्प्रेसो कॉफी प्यावी. ही मागणी बेकायदेशीर आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

हौशीरामांची उमेदीची वर्षं मुंबईत एका इटालियन साहेबाच्या बंगल्यावर खानसामा म्हणून गेली. १९६३ साली साहेब मायदेशी निघाला, तेव्हा जाताना त्याने आपलं कॉफीचं यंत्र हौशीरामांना देऊन टाकलं. यंत्र म्हणजे गुडघाभर उंचीची पितळी टाकी. खाली स्टो पेटवायचा, दाबाचा काटा चढू द्यायचा आणि मग बाजूचा दांडा ओढायचा. दडपून भरलेल्या कॉफीतून कढत पाणी जोराने घुसायचं आणि खालच्या कपात तीन-चार घोटांचा काळाभोर रस उतरायचा.

मुंबईत गुणी असलेलं हे यंत्र मळवलीत येताच रुसलं. कॉफी जाड दळली तर रस फुळकवणी उतरे, बारीक दळली तर डांबर. हौशीरामांनी विहीर बदलून पाहिली, तवा बदलून पाहिला. बिया कधी कमी भाजल्या, कधी जास्त. त्यांची बायको झुंबरबाई स्टोला पंप मारता मारता म्हणे, "साहेब देश सोडून का पळाला, ते आता कळाया लागलं."

आणि एका सकाळी जमलं! कपावर तांबूस सोनेरी साय धरली आणि वास थेट ओसरीपर्यंत गेला. झुंबरबाईने एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं नाही, यातच सगळं आलं. हौशीराम उंबऱ्यावर बसून तो कप इतका हळू प्याले, की शेवटचा घोट गार झाला. तरी तो गोड लागला.

वास शेजारी सोपान तिकोणेंच्या नाकात गेला. सोपान ग्रामपंचायतीचे सदस्य. ते आले, त्यांनी कप मागून एक घोट घेतला आणि अंगणात थुंकला.

"हौशीराम, ह्यो तर काढा हाय. गूळ टाक की जरा. अन् दूध."

"भाऊ, ह्याच्यात गूळ न्हाई पडत."

सोपानभाऊंच्या सार्वजनिक जीवनात त्यांना कुणी गूळ नाकारला नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि थेट पुण्याची गाडी पकडली. शेजारच्या घरात वाफेचं इंजिन चालवलं जात असून गावाच्या जीविताला धोका आहे, अशी तक्रार त्यांनी तिथल्या सरकारी कचेरीत गुदरली.

बाष्पनिरीक्षक आले. त्यांनी टाकीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"यात वाफ होते?"

"व्हय साहेब."

"दाबाखाली?"

"दाबाबिगर एस्प्रेसो कशी व्हायाची?"

"म्हणजे कबूल करताय. उत्तम."

प्रत्यक्ष चाचणी घेणं भाग होतं. हौशीरामांनी यंत्र चालवलं. निरीक्षकांनी निघालेला माल नमुना म्हणून प्राशन केला, खात्री होईना म्हणून फेरनमुना घेतला आणि निर्णय दिला. सदरहू वस्तू हे बाष्पयंत्र आहे. बाष्पयंत्र राहत्या घरात ठेवता येत नाही, कारखान्यात ठेवता येतं. सबब एक तर यंत्र सरकारजमा करावं, नाही तर घराचा कारखाना करावा.

हौशीरामांनी यंत्राकडे पाहिलं. जमलेल्या त्या कपाची चव अजून जिभेवर होती.

"करा कारखाना," ते म्हणाले.

कारखाना म्हटल्यावर कामगार अधिकारी आले. त्यांनी विचारलं, "स्टो कोण पेटवतं?" हौशीरामांनी बायकोकडे बोट दाखवलं. झुंबरबाईची 'स्टोचालक, अकुशल' या पदावर नेमणूक झाली.

"अकुशल म्हंजी काय वो?"

"ज्यांना विशेष काही येत नाही, असे."

"अन् ह्ये?"

"ते मालक."

"मंग एकच की," झुंबरबाई म्हणाली.

कामगाराला आठवड्याची सुट्टी देणं बंधनकारक होतं. कारखान्याची हद्द म्हणजे अख्खं घर, आणि चूलही हद्दीतच. त्यामुळे रविवारी चूल पेटवणं हा कायदेभंग ठरला. लग्न झाल्यापासून झुंबरबाईला पहिल्यांदाच एक दिवस रिकामा मिळाला. ती कामशेतला बहिणीकडे जाऊन आली, तर हौशीराम शिळी भाकरी आणि मिरची खाऊन बसलेले.

"कायदा काय वाईट न्हाई," पदर खोचत ती म्हणाली.

पाठोपाठ उत्पादन अधिकारी आले. कारखान्याचा माल मालकाने परस्पर पिणं हा अपहार होतो, हे त्यांनी हौशीरामांना सौजन्याने समजावून सांगितलं. माल फक्त तपासणीसाठी काढावा. तपासण्या मात्र वाढल्या. मळवलीची हवा चांगली, कार्ल्याची लेणी जवळ. अधिकारी सकाळच्या गाडीने येत, पुढे पुढे सहकुटुंब येऊ लागले. "मागच्या पाहणीपेक्षा साय पातळ आहे, सुधारणा करावी," असा शेरा मारून जात. गावकऱ्यांच्या वतीने देखरेख समितीवर सोपानभाऊंची नेमणूक झाली. त्यांचा नमुना 'स्थानिक गरज' म्हणून दूध-गूळ घालून देण्याचा आदेश निघाला. तो गूळ हौशीरामांनी स्वतःच्या हाताने ढवळला. ढवळताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती. "आता कसं बेस झालं," भाऊ म्हणाले.

त्या दिवशी हौशीरामांनी निरीक्षकांपुढे हात जोडले. "साहेब, मला न्हाई प्यायाची कॉफी. कारखाना बंद करतो. यंत्र न्या."

"बंद? मावळातला एक उद्योग बंद? कामगारांचं काय?"

"कामगार म्हंजी आमची ही."

निरीक्षकांनी रीतसर कामगारांचं मत घेतलं. झुंबरबाईने विचारलं, "बंद झाला तर ऐतवारची सुट्टी जाईल?"

"जाईल."

"मंग माजी हरकत हाय."

हौशीराम तिच्याकडे बघत राहिले. तीही त्यांच्याकडे बघत राहिली, पण हरकत मागे घेतली नाही. 'कामगारवर्गाचा तीव्र व एकमुखी विरोध' असा अभिप्राय नोंदला गेला आणि कारखाना बंद करण्याची परवानगी नाकारण्यात आली.

कारखाना आजही चालू आहे आणि माल उत्कृष्ट असल्याचा निर्वाळा सर्व खाती देतात. मालक रोज सकाळी मळवली स्टेशनाबाहेरच्या टपरीवर बसून साखर जास्त घातलेला चहा पितात. कॉफी कशी होते, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "चांगली आसंल. सगळे पितात."

वाचकहो, तुम्ही हसलात. केदारी भोळा, सोपान खवट, खाती वेडी, असं म्हणून पानही उलटाल. तत्पूर्वी एक खुलासा करावा. आपल्या ओट्यावर तो नवा, चकचकीत कुकर शिट्ट्या मारतो आहे, त्यात वाफच असते ना? आणि दाबाखालीच ना? मग शेजारी कोण राहतं, आणि त्यांना तुम्ही अलीकडे कशाला नाही म्हणालात?