आप्पा नटं बघायला आले

कुणाच्या दारात गेलं की आपण माणसांची खुशाली विचारतो. आमचे कुपवाडचे शेजारी आप्पा आधी गाडीच्या चाकांची विचारायचे. फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला हा गृहस्थ उकिडवा बसायचा आणि एकेका नटाला पाना लावायचा. पानाही साधा नाही, नट हवा तेवढाच आवळला की 'कट्ट' वाजणारा. ते वाजलं की नातू झाल्यासारखा आप्पांचा चेहरा खुलायचा.

पान्यावर पाय देऊन कुणी उभं राहिलं की संपलंच! "आरं, नट हाय का हरभऱ्याचं झाड, वर चढायला? आन् वळीनं आवळू नगंस. ह्यो झाला की त्याच्या समोरचा!"

मला भारी चौकशा. एकदा विचारलं, "आप्पा, एवढं काय हो त्या नटांत?"

"गाडीत बसणारं कुणाचं तरी असतंय, गड्या."

बायको गेल्यापासून घरात आप्पा आणि मुलगी मंगल, दोघंच. मंगलचं लग्न म्हसवडच्या घरात ठरलं. जावई मुंबईत ड्रायव्हर. पठ्ठ्यानं लग्नाला शेठची लालभडक स्पोर्ट्स कार मागून आणली! अख्खी आळी नवरदेव सोडून गाडीच बघत होती. आप्पांनी जावयाच्या आधी चाकांना हात लावला. "लय आवळल्यात! पायानं दाबल्यात!" झालं. मांडवाच्या दारात जॅक लागला. फेटा बांधलेल्या वधूपित्यानं गाडीच्या पुस्तकात माप बघितलं आणि चारी चाकं काढून नीट बसवली. वऱ्हाड ताटकळलं ते ताटकळलंच.

पाठवणीला आम्ही सगळे रडलो, आप्पा सोडून. त्यांनी जावयाला एवढंच बजावलं, "चाक काढून बसवलं की थोडं पळाल्यावर नटं परत बघाय लागत्यात. इसरू नगा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाना घेऊन माझ्या दारात. "स्कूटर काढ. जावई इसरला असंल."

काढली. गेलो पार म्हसवडला, उन्हातान्हात.

व्याही धावत आले. "आवं, असं अचानक?"

"नटं बघाय आलोय. बसत न्हाई."

कट्ट, कट्ट, कट्ट. एकही नट तसूभर हलला नाही. काम संपलं, तरी आप्पा चाकापाशीच बसून. मंगल पाणी घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी टेकली.

"समदी बराबर हायत," आप्पा चाकाकडं बघत म्हणाले. "येतो मग."

मंगलनं त्यांच्या हातातला पाना काढून घेतला. "आप्पा, उद्या बी या. मी ढिली करून ठीवते."

ढिल्या नटाचं नाव काढलं तरी अंगावर येणारा माणूस! "व्हय, ठीव," म्हणाला आणि लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला.